ॲनिमोनचा ठिबक-संच: डबा घ्या, पत्रक फेका

ॲनिमोन म्हणजे दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. त्याच्यासाठी ऑनलाइन दुकानांत चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जाणारा हा खरं तर एकच संच आहे. खोक्यावरचं चित्र तेवढं बदलतं, आतला माल तोच. दोनेक मीटर पारदर्शक नळी, पाणी कमी-जास्त करायची प्लास्टिकची चकती, टाकीच्या काठाला अडकवायचा वाकडा हूक, काचेला चिकटणारी रबरी टोपी, खाऊ सोडायची लांब पिचकारी, सुकवलेल्या क्रिलची (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) छोटी बरणी आणि बारीक टायपातलं एक पत्रक. किंमत विक्रेत्याप्रमाणे पाचशेच्या अलीकडे-पलीकडे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिल्यांदाच ॲनिमोन आणणारा माणूस हा संच हमखास घेतो, कारण नव्या प्राण्याला नव्या पाण्याची सवय करून देणं आणि त्याला भरवणं ही दोन्ही कामं एकाच खोक्यात झाली असं वाटतं.

नळी ठीक आहे, पिचकारी चांगली आहे, क्रिल चालून जाईल असं आहे आणि पत्रक धोकादायक आहे. खाली जे लिहिलंय ते बबल टिप ॲनिमोन डोळ्यांसमोर ठेवून. शास्त्रीय नाव एन्टाक्मिया क्वाड्रिकलर. घरच्या टाकीत टिकायला त्यातल्या त्यात सोपा तोच. कार्पेट ॲनिमोन किंवा हेटरॅक्टिस मॅग्निफिका या दुसऱ्या जातींनाही हेच नियम लागू आहेत, फक्त ते चुका कमी माफ करतात.

आधी नळी. टाकी उंचावर, नवा प्राणी ठेवलेली बादली जमिनीवर, मध्ये नळी आणि तिच्यावर चकती. सायफन सुरू झाला, म्हणजे वरचं पाणी नळीतून आपोआप खाली येऊ लागलं, की थेंब पडू लागतात. चकती नळीला बाहेरून दाबते, म्हणजे पाण्याशी तिचा संबंधच येत नाही. ही या संचाची सगळ्यात चांगली गोष्ट. याच रूपातल्या काही जुन्या संचांत धातूचा चकचकीत व्हॉल्व्ह येतो. तो दिसला तर काढून टाका. चकाकी निकेलची असते, आत पितळ असतं, आणि पितळात तांबं. माशाला जेवढं तांबं औषध म्हणून चालतं तेवढ्यात ॲनिमोन मरतो. जुनी टाकी विकत घेतली असेल आणि तिच्यात कधीकाळी माशांसाठी तांब्याचं औषध टाकलं असेल, तर हीच भीती तिथल्या दगडांची आणि वाळूचीही.

चकतीचा दोष असा की लावलेला वेग टिकत नाही. मऊ नळी दाबाखाली हळूहळू बसते आणि पंधरा-वीस मिनिटांनी थेंबांचा वेग बदललेला असतो. म्हणून थेंब मोजण्यापेक्षा पाणी मोजा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं १० मिलीच्या खुणेचं टोपण घ्या, नळीखाली धरा आणि ते किती वेळात भरतं ते बघा. एका मिनिटात भरलं तर तासाला ६०० मिली. पिशवीतलं पाणी अर्धा लिटर असेल तर ते ५० मिनिटांत दुप्पट होईल. दर वीस मिनिटांनी पुन्हा मोजा.

चकतीचा कंटाळा आला तर मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा. शंभर रुपयांच्या आत मिळतो. त्याच्या पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलेलं असतं, थेंब पडताना दिसतात आणि चाकाची चिमटी या संचाच्या चकतीपेक्षा जास्त इमानी असते. लहान मुलांसाठीचा ६० थेंबांचा सेट घेऊ नका, फार सावकाश चालतो. वरच्या टोकाचा अणकुचीदार भाग कापून नळी टाकीत सोडायची, खालच्या टोकाला रिकामी सिरिंज लावून पाणी ओढून घ्यायचं आणि थेंबांची कुपी उभी ठेवायची. काही सेटमध्ये कुपीच्या तळाशी बारीक जाळी असते, तिच्यात टाकीतला गाळ अडकतो. नळीचं तोंड वाळूजवळ जाऊ देऊ नका.

आता पत्रकाकडे. त्यात लिहिलंय: पिशवी उघडा, पाण्यासकट प्राणी बादलीत ओता आणि दोन ते तीन तास ठिबक चालू ठेवा. ॲनिमोन कुर्ल्याच्या मार्केटमधून तासाभरात ठाण्याला आणला असेल तर एवढं केल्याने काही बिघडत नाही, फक्त वेळ जातो. पण चेन्नईच्या कोळत्तूरहून रात्रभर प्रवास करून पुण्यात पोचलेल्या पिशवीला हा सल्ला लावला तर प्राणी घरी पोचेपर्यंत ठीक असतो आणि बादलीत बिघडतो.

कारण साधं आहे. बंद पिशवीत प्राणी श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पीएच खाली येतो. त्याच वेळी प्राण्याने टाकलेला अमोनियाही साठत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो बहुतेक अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वरून टाकीचं ८.२ पीएचचं पाणी ठिबकू लागतं आणि पीएच चढतो. ७ वरून ८.२ वर गेला की विषारी अमोनियाचा वाटा दहापटींहून जास्त वाढतो. आपण समजतो की प्राण्याला हळूहळू सवय होतेय, आणि तो दोन तास त्याच घाणीत बुडालेला असतो.

म्हणून प्रवास किती तासांचा झाला ते आधी विचारा, ठिबकाचं नंतर ठरवा. दोन-तीन तासांच्या आतला असेल तर पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान सारखं होईल. मग बादलीत ओतून ४५ मिनिटं ते तासभर ठिबक. पाणी दुप्पट झालं की अर्धं फेकून पुन्हा दुप्पट होऊ द्या. पिशवीचा खारेपणा ३० पीपीटी (एक किलो पाण्यात तितके ग्रॅम क्षार) आणि टाकीचा ३५ असेल तर पहिल्या दुपटीनंतर ३२.५ होतं, दुसरीनंतर ३३.७५. तिथून टाकीत सोडायला हरकत नाही.

रात्रभराचा प्रवास असेल तर खारेपणा आधी मोजा. पिशवी बंद तरंगवून तापमान जुळवा, मग कोपरा कापा आणि लगेच दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) टाका. टाकीशी फरक १-२ पीपीटीच्या आत असेल तर ठिबक नकोच. प्राणी हाताने उचला, पाणी मोरीत ओता आणि त्याला सरळ टाकीत ठेवा. फरक जास्त असेल तर आधीच बनवून ठेवलेलं मिठाचं ताजं पाणी पिशवीच्या खारेपणाइतकं आणि टाकीच्या तापमानाइतकं करून बादलीत घ्या, प्राणी त्यात हलवा आणि ठिबक या स्वच्छ पाण्यात चालवा. इथे दोन तास लागले तरी चालतात, कारण अमोनिया मागे पिशवीतच राहिला. बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) हवाच. खोलीत एसी असेल तर दोन लिटर पाणी पाहता पाहता गार होतं, तेव्हा बादली कोमट पाण्याच्या घमेल्यात उभी करा. पिशवीचं पाणी मात्र टाकीत कधीच ओतू नका.

या सगळ्याचा आधार रिफ्रॅक्टोमीटर, आणि नेमका तोच या खोक्यात नाही. क्रिलची बरणी काढून तिथे निदान खारेपणा मोजायचा साधा हायड्रोमीटर तरी द्यायला हवा होता. बाजारातले स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर शून्य दाखवतात आणि ३५वर दोन-तीन पीपीटी चुकू शकतात. ताळा ३५वरच घ्या. तयार द्रावण मिळालं नाही तर ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात ३६.५ ग्रॅम साधं मीठ विरघळवा. त्यातून प्रकाश ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकाच वळतो. त्यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा लागेल, स्वयंपाकघरातला पुरणार नाही.

पिशवीतून प्राणी काढताना पाय, म्हणजे त्याचा खालचा चिकटणारा भाग, बहुतेक वेळा प्लास्टिकला चिकटलेला असतो. ओढायचं नाही. पिशवीचा तो भाग बाहेरून दोन बोटांच्या मध्ये घेऊन चपातीची घडी उलगडावी तसा हळूहळू सोलत जायचा. पायाची कड सुटली की बाकीचा आपोआप येतो. हातात नायट्राइलचे हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका, डंखाच्या पेशी आपल्यालाही बाधतात. पाय फाटलेला दिसला, तोंड सैल उघडं असलं किंवा रंग दुधासारखा पांढरा असला तर प्राणी दुकानातच नाकारायला हवा होता. पांढरा ॲनिमोन सुंदर दिसतो खरा, पण त्याच्या आतली शेवाळं निघून गेलेली असतात आणि अन्नाचा मोठा वाटा तीच पुरवतात. झगझगीत लिंबू पिवळा किंवा निऑन निळा दिसला तर शंका रंग चढवल्याची घ्यावी. बोटाला चिकटणारे टेंटॅकल (तोंडाभोवतीचे बोटांसारखे हात) आणि घट्ट मिटलेलं तोंड, दुकानात एवढ्या दोनच गोष्टी तपासल्या तरी पुष्कळ.

टाकीत सोडताना लाटांचे पंप अर्धा तास बंद. दगडाची अशी कपार शोधा की पाय आत जाईल आणि डोकं उजेडात राहील. पंपाच्या तोंडांना आधीच स्पंज किंवा जाळी बांधलेली हवी, कारण पहिल्या दोन-तीन रात्री ॲनिमोन चालतो आणि पंपात गेला की त्याचा कीस होतो. तो कीस टाकीभर पसरून माशांनाही मारतो. दिवे पहिल्या दिवशी निम्म्यावर आणि दोन आठवड्यांत हळूहळू पूर्ण. टाकी सहा महिन्यांपेक्षा तरुण असेल तर हा सगळा खटाटोप फुकट आहे, त्याला पत्रकाचा दोष नाही. खारेपणा ३५ पीपीटी, तापमान २५-२६ अंश, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण; डीकेएच हे तिचं माप) ८-९ डीकेएच, नायट्रेट ५-१० पीपीएमच्या आसपास, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. मुंबईच्या मे महिन्यात टाकी सहज ३० अंशांवर जाते. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) किंवा निदान पाण्यावर वारा घालणारा पंखा नसेल तर खरेदी पावसाळ्यानंतर ठेवा.

पहिल्या आठवड्यात ॲनिमोन दिवसातून एक-दोनदा पार आक्रसून द्राक्षाएवढा होतो आणि तोंडातून तपकिरी धागे टाकतो. ते जुनं पाणी आणि शेवाळं बाहेर काढणं आहे, घाबरू नका. चोवीस तासांहून जास्त वेळ तोंड उघडं राहिलं, आतलं बाहेर लोंबलं आणि हात लावल्यावर विरघळल्यासारखा झाला, वास सडक्या कोळंबीचा आला, तर मात्र लगेच बाहेर. रात्रभर वाट पाहिली तर अमोनिया सगळी टाकी घेऊन जातो.

पत्रक म्हणतं की सोडल्यावर त्याच संध्याकाळी भरवा, नंतर रोज. दोन्ही चूक. पाय घट्ट धरून टेंटॅकल फुगेपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते सात दिवस, काहीही देऊ नका. प्रवासाने दमलेला प्राणी घास धरतो, गिळतो आणि दुसऱ्या दिवशी बुळबुळीत गोळा ओकून टाकतो. पचवायला लागलेली ताकद वाया जाते ती वेगळीच. पुढेही आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. प्रकाश चांगला असला की त्याचं बरंचसं भागतं. आपण घालतो तो वरचा खाऊ.

इथे संचातली पिचकारी खरंच कामाची आहे. साधारण ४० सेंटिमीटर लांब, म्हणजे ४५ सेंटिमीटर खोल टाकीत मनगटापर्यंतच हात बुडतो. तोंडाचं भोक मात्र सुमारे ३ मिलिमीटरचं, मायसिसचं (खाऊ म्हणून गोठवून विकली जाणारी इवलीशी कोळंबी) एक डोकं आडवं आलं की बंद. ब्लेडने टोक तिरपं कापून भोक ५ मिलिमीटरचं करा, मग अडत नाही. घास भरवताना पंप बंद करा आणि आधी नुसतं टाकीचं पाणी टेंटॅकलवर हळूच सोडा. टेंटॅकल जरा ताठ होतात. मग घास सोडायचा तो तोंडावर नाही, तोंडापासून दोन बोटं बाहेरच्या टेंटॅकलवर. त्याने धरला का ते बघा. धरला की टेंटॅकल वळतात, तोंड पुढे येतं आणि पाच-दहा मिनिटांत घास आत जातो. न धरणाऱ्या प्राण्याच्या तोंडात घास कोंबणं म्हणजे त्याला सडायला आत जागा देणं. पंप पंधरा मिनिटांनी चालू करायचं विसरू नका, मोबाइलवर गजर लावा.

क्लीनर कोळंबी आणि हर्मिट खेकडे घास तोंडातून ओढून नेतात, कधी कधी पोटातूनसुद्धा. यावर संचात काही नाही. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा वरचा घुमटासारखा भाग कापा, बाजूने गरम सुईने भोकं पाडा, कापलेली कड घासून मऊ करा आणि भरवल्यावर अर्धा तास ॲनिमोनवर टोपीसारखा पालथा घाला. झाकण काढलेल्या तोंडातून पिचकारी आत जाते. फुकटात होणारं आणि संचातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त उपयोगी.

आता खाऊ. बरणीतलं सुकं क्रिल हवेने भरलेलं असतं, त्यामुळे तरंगतं आणि टेंटॅकलवर टेकतच नाही. दहा मिनिटं टाकीच्या पाण्यात भिजवून बोटांनी दाबून हवा काढली तर बुडतं. तरी कवच टोचरं आणि मांस थोडं. अडीअडचणीला ठीक. गोठवलेलं मायसिस यापेक्षा कितीतरी चांगलं, अट एवढीच की ते वाटेत वितळलेलं नसावं. पाकीट उलटं करून बघा: क्यूब एकमेकांना चिकटलेले, तळाशी लालसर बर्फाचा थर, म्हणजे माल एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे. परत करा. चांगला क्यूब वाटीभर टाकीच्या पाण्यात वितळवून चहाच्या गाळणीने गाळा आणि ते पाणी फेका, टाकीत नको असलेलं शेवाळ वाढवणारं फॉस्फेट त्याच्यात असतं. दहा सेंटिमीटर रुंद ॲनिमोनला आठ-दहा मायसिस पुरे. उरलेलं मासे खातात.

या सगळ्याहून स्वस्त आणि ताजी मिळते ती कोळीणमावशींकडची कोळंबी. समुद्राचीच मागा, तळ्यातली नको. एक मध्यम कोळंबी सोलून, धागा काढून साधारण ८-१० ग्रॅम भरते. तूरडाळीच्या दाण्यापेक्षा जरा मोठे, ५ मिलिमीटरचे तुकडे करा. असे तीन तुकडे म्हणजे ०.४ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा दिले तर ०.८ ग्रॅम. हिशेब करा, एक कोळंबी अडीच-तीन महिने जाते! एवढे दिवस पुरणारं दुसरं काही त्या टोपलीत नसेल. तुकडे आरओच्या पाण्यात धुऊन ताटलीत सुटे गोठवा, मग डबीत भरा. तीन महिन्यांनंतर उरलेले फेका. सुपरमार्केटमधली सोललेली, पॅकेटबंद गोठवलेली कोळंबी टाळा, तिच्यात पाणी धरून ठेवायला फॉस्फेट घातलेलं असू शकतं. घटकांची यादी वाचा. तिसऱ्यांचं मांस मधूनमधून द्यावं. माकूल चालतं पण चिवट असतं, वाफवू नका, कच्चंच अगदी पातळ कापा. सुकट, जवळा मात्र नको. वाळू असते, मीठ किती लावलंय ते कळत नाही आणि तेल खवट झालेलं असतं. आमटीत ते खपतं, टाकीत नाही. चिकन किंवा काळीज द्यायचा सल्ला कुणी दिला तर सरळ दुर्लक्ष करा, जमिनीवरच्या प्राण्यांच्या चरबीचा पाण्यावर तवंग येतो.

मोठा घास दिला तर मोठा होतो हा समज फार पसरलेला आहे. अख्खी कोळंबी ॲनिमोन धरतो, गिळतोसुद्धा. पण पाचक रस बाहेरून आत जातो, आणि मध्यापर्यंत पोचायच्या आत मधलं मांस कुजतं. मग बारा ते चोवीस तासांनी पांढरा गोळा बाहेर येतो. तो दिसला की पिचकारीनेच ओढून काढा, आठवडाभर उपास द्या आणि पुढच्या वेळी घास निम्मा करा. क्लाऊनफिश असेल तर तो आपल्या वाटचा मोठा तुकडा आणून ॲनिमोनमध्ये खोचतो; त्याला आधी बारीक खाऊ देऊन गप्प करावं.

ज्याच्या घरी आधीपासून सिरिंज आणि एअर पंपाची नळी आहे त्याने हा संच घेऊ नये, सलाईनचा सेट आणि सुटी पिचकारी मिळून निम्म्यात काम होतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला पाचपैकी साडेतीन तारे द्यायला हरकत नाही. अर्धा तारा पत्रकाने खाल्ला आणि एक रिफ्रॅक्टोमीटर नसल्याने. मागवताना विक्रेत्याच्या फोटोत चकती प्लास्टिकची आहे ना ते मोठं करून बघा. पिचकारीचा रबरी बूच खाऱ्या पाण्याने महिन्याभरात अडकू लागतो. दर वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा, पांढरा थर बसला तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, आणि वाळल्यावर बुचाला खाण्याच्या भांड्यांसाठीचं सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा. मशीनचं तेल लावू नका, त्याचा तवंग चार दिवस हटत नाही.